जसा चारा, तसं मटण

भिलाईच्या सुपेला बाजारात सोलून टांगलेला बोकड एकदा नीट बघा. गुर्द्याभोवती मूठभर पांढरी चरबी, पण मांडीच्या मांसात चरबीची रेघ शोधून सापडत नाही. खाटकाचा यात दोष नाही. शेळीची जातच अशी की चरबी आधी पोटात साठवते. त्यात इथला बोकड वाढतो पाल्यावर आणि भातकापणीनंतरच्या रानात, घरी आला तर थोडा कोंडा. धान्य त्याच्या वाट्याला कुठून येणार?

जनावराच्या अंगात चरबी ठरावीक क्रमाने भरते. आधी गुर्द्याभोवती, मग स्नायूंच्या मधे आणि कातडीखाली, सर्वांत शेवटी स्नायूच्या आत. या शेवटच्या चरबीलाच मार्बलिंग म्हणतात. धान्य खाणाऱ्या गुराच्या कोटीपोटात प्रोपिओनेट जास्त तयार होतं, यकृत त्याची साखर करतं आणि ती स्नायूतल्या चरबीला लागते. जपानी वाग्यू महिनोन्‌महिने धान्यावर ठेवतात ते यासाठीच.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मांस पारखायच्या कसोट्यांमध्ये पहिली 'चर', म्हणजे जनावर कुठे फिरतं आणि काय खातं. कोरड्या जांगल मुलखातल्या प्राण्याचं मांस हलकं, पाणथळीतल्याचं जड.

फौजेत 'मीट ऑन हूफ' म्हणजे जिवंत जनावर. ते उपाशीपोटी लांब चालवत किंवा ट्रकमधून धक्के खात आणलं की स्नायूतली साखर संपते. मग मांस आंबत नाही, काळपट राहतं आणि लवकर नासतं. कापण्याआधी विश्रांती आणि पाणी द्यायचं ते त्यासाठी.

चारा आणि मांस यांचा सगळ्यात कडू हिशेब मात्र मेसोपोटेमियात झाला. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात होत्या. माणसांसाठी जवाचं पीठ हवं, म्हणून घोड्यांचे जव तोडले. भुकेले घोडे एकमेकांच्या शेपट्या चावू लागले. मग तेच घोडे मारून खायला घातले. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्लं. बहुतेक हिंदी जवानांनी नाकारलं. धर्म होता, आणि गावी कळलं तर काय, ही धास्तीही होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने आली, तरी मन वळेना. स्कर्व्हीने त्यांनाच जास्त ग्रासलं. मला यात हट्ट दिसत नाही. दाल-रोटीवर पोसलेल्या माणसाला घोडा खा म्हणणं सोपं नव्हतं.

एप्रिलमध्ये अनेकांनी अखेर खाल्लं. तोवर त्या घोड्यांच्या अंगावर कातडी आणि हाडांपलीकडे फारसं उरलं नव्हतं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं कैद झाली.