कुरसुराच्या पोटात एक दुपार

आम्ही बिलोलीहून बोलतोय. आजचा विषय जरा लांबचा आहे, समुद्रातला. आपल्या तालुक्याला समुद्र नाही, आपल्या ओळखीची मांजरा आणि गोदावरी. तरी हा विषय आपल्याच एका घरातून निघाला.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाला नौदलात जायचं आहे. फॉर्म भरला, पहाटे पळायचा सराव सुरू केला. एक दिवस म्हणाला, जमलं तर पाणबुडीवर जाईन. ताईंनी बैठकीत विचारलं, "बाई, पाणबुडी म्हणजे नेमकं काय? पाण्याखाली माणसं राहतात कशी?" आम्हा कोणालाच नीट सांगता येईना. सहलीसाठी गटात पैसे साठवलेले होते आणि सिंहाचलमच्या नृसिंहाचं दर्शन ठरलेलं होतं. सिंहाचलम विशाखापट्टणमलाच आहे. त्याच शहरात समुद्राच्या काठावर खरीखुरी पाणबुडी लोकांना बघायला ठेवली आहे, असं कळलं. नांदेडहून तिकडे थेट रेल्वे जाते. दर्शन झालं आणि दुपारी आम्ही अकरा जणी रामकृष्ण बीचवर पोचलो.

वाळूत एक काळं धूड उभं होतं. तिचं नाव आयएनएस कुरसुरा. लांबी ९१ मीटर, म्हणजे एसटीच्या आठ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढी.

आधी थोडा इतिहास सांगतो. १९६० च्या दशकापर्यंत भारताकडे पाणबुडीच नव्हती. मग सोव्हिएत रशियाकडून चार घेतल्या. पहिली कलवरी, ८ डिसेंबर १९६७ ला नौदलात आली. म्हणून ८ डिसेंबर हा आपल्याकडे पाणबुडी दिवस असतो. दुसरी खांदेरी. हे नाव आपल्याला परकं नाही. अलिबागजवळच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये उभारलेल्या खांदेरी किल्ल्याचं ते नाव. तिसरी करंज आणि चौथी आमची ही कुरसुरा, डिसेंबर १९६९ ची. कुरसुराने ३१ वर्षं नोकरी केली आणि २७ फेब्रुवारी २००१ ला ती निवृत्त झाली. तिला ओढून वाळूवर आणून बसवायला दीड वर्ष लागलं. ऑगस्ट २००२ पासून लोक ती आतून बघतात. या चौघींपैकी अखंड बघायला मिळते ती हीच.

आत शिरलो. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेले एक काका होते. आमच्यातल्या दोघींचं माहेर तेलंगणातलं, त्यामुळे तेलुगूत विचारपूस झाली आणि काका मोकळेपणाने बोलायला लागले.

बुडणं आणि वर येणं त्यांनी सोपं करून सांगितलं. रिकामा हंडा पाण्यावर तरंगतो, भरला की खाली जातो. पाणबुडीच्या अंगाला मोठमोठ्या टाक्या असतात. त्यात समुद्राचं पाणी घेतलं की ती खाली जाते. दाबून भरून ठेवलेली हवा त्या टाक्यांत सोडली की पाणी बाहेर जातं आणि ती वर येते. डिझेलच्या इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ यायचं, नळी वर काढून हवा घ्यायची आणि इंजिन चालवून बॅटरी भरायची. हीच वेळ धोक्याची, कारण शत्रूला सुगावा लागतो तो तेव्हा.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला गोल भोक आहे. पदर खोचून, वाकून, आधी एक पाय आणि मग डोकं असं जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या दोघींना आम्ही हात देऊन काढलं. दोन्ही बाजूंना नळ्या, चाकं, घड्याळासारख्या तबकड्या. मधून जाताना खांदा लागतो. अशा जागेत ७५ माणसं राहायची. पाण्यातून धावत जाऊन जहाज फोडणारे टॉर्पेडो ज्या खोलीत, त्याच खोलीत झोपायच्या फळ्या. एक उठला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. स्वयंपाकघर बघून तर आम्ही एकमेकींकडेच बघत राहिलो. आपल्या चुलीपुढे याहून जास्त जागा असते, आणि इथे ७५ जणांचा स्वयंपाक.

आणि पाणी? चारी बाजूंना समुद्र, पण गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच, मोजून. पिण्याला आणि स्वयंपाकाला. आंघोळ जवळजवळ नाहीच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण पाहिले आहेत. घागर पुरवून वापरणं काय असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग ताईंनी काकांना विचारलं, "घरी पत्र कसं पाठवायचे?" काका म्हणाले, "गस्तीवर असताना पत्र नाही. कुठे आहोत, कधी येणार, हे घरच्यांना माहीत नसायचं. पाणबुडीने आवाज करायचा नाही, हाच तिचा जीव." ताई गप्प झाल्या. पुढची सगळी पाणबुडी त्यांनी न बोलता पाहिली.

बाहेर आल्यावर आम्ही वाळूत बसलो. एक जण म्हणाली, "हिनेच पाकिस्तानची गाझी बुडवली ना?" पुष्कळ लोकांचा असा समज आहे, पण ते खरं नाही. १९७१ च्या युद्धात कुरसुरा अरबी समुद्रात गस्तीवर होती. त्या युद्धात आपल्या एकाही पाणबुडीने जहाज बुडवलं नाही. पाकिस्तानची गाझी बुडाली ती याच विशाखापट्टणमच्या समोर, ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री. आपलं नौदल सांगतं, आपल्या राजपूत या जहाजाने ती बुडवली. पाकिस्तान म्हणतो, आतल्या किंवा तिच्याच सुरुंगाच्या स्फोटाने बुडाली. आतली नव्वदहून अधिक माणसं गेली, एकही वाचला नाही. ती गाझी मुळात अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात बांधलेली, पुढे पाकिस्तानला दिलेली. आजही ती तिथेच समुद्राच्या तळाशी आहे.

पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दिवजवळ पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ती पहिली घटना. आपले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, ते त्याच्यासोबतच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दिवला समुद्राकाठी खुकरीचं स्मारक आहे.

आणि ती हंगोर? तीही जपून ठेवली आहे, कराचीच्या सागरी संग्रहालयात. म्हणजे एकाच युद्धातल्या दोन पाणबुड्या, एक आपल्या किनाऱ्यावर, एक त्यांच्या. तिकडच्या मुलांना तिचा अभिमान वाटत असेल. आपल्याकडच्या १९४ घरांना तिचं नावही नको असेल. पण तिच्याही आत फळ्या अशाच अरुंद असणार, आणि त्यांवर झोपणाऱ्यांच्या आयांनाही मुलगा कुठे आहे ते ठाऊक नसणार.

जर्मनीत लाबो नावाच्या गावी दुसऱ्या महायुद्धातली एक पाणबुडी अशीच वाळूवर ठेवली आहे. त्या युद्धात जर्मनीच्या पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार माणसांतली जवळपास तीन परत आली नाहीत. त्या पाणबुडीसमोर उंच स्मारक आहे. आधी ते फक्त जर्मन नौसैनिकांचं होतं. १९५४ पासून ते समुद्रात गेलेल्या सगळ्याच देशांच्या माणसांचं झालं. हरलेल्यांनी आणि जिंकलेल्यांनी एकाच ठिकाणी फुलं ठेवावीत, हे आम्हाला मोठं वाटलं.

अशा वस्तू आपोआप टिकत नाहीत. आपल्या मुंबईत विक्रांत हे विमानवाहू जहाज संग्रहालय म्हणून उभं होतं. १९७१ च्या युद्धात त्याने मोठी कामगिरी केली होती. दुरुस्तीला पैसा उभा राहिला नाही, २०१२ ला ते बंद झालं आणि २०१४ मध्ये भंगारात तोडायला घेतलं. लोखंडाला गंज लागतो, तसा आठवणीलाही लागतो. दोन्हीला कोणीतरी दरवर्षी हात लावावा लागतो.

कुरसुरात आम्हाला इंजिन दिसलं, टॉर्पेडो दिसले, गणवेश घातलेले पुतळे दिसले. घरी वाट बघणारी बाई कुठे दिसली नाही. तिची खोली पाणबुडीत नव्हतीच, ती गावात होती. आपल्या तालुक्यातही फौजेत माणूस गेलेली घरं आहेत. १९७१ ला रेडिओजवळ बसून बातम्या ऐकणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नाही. म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे, दर महिन्याच्या बैठकीनंतर एका घरी जायचं, विचारायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. तुमच्या गावात अशी आजी असेल तर तुम्हीही विचारा. उशीर करू नका.

ताईंचं काय झालं, ते विचाराल. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. पण आता मला माहीत आहे, तो कुठे झोपणार." मुलगा अजून सराव करतो. त्या पहाटे उठून त्याला चहा करून देतात.

तुम्हाला जायचं असेल तर संग्रहालय सोमवारी बंद असतं, आधी वेळ विचारून घ्या. चपला पक्क्या घाला आणि गुडघ्याचा त्रास असेल तर सोबत कोणीतरी असू द्या. नमस्कार.