परळच्या पडद्यावर लडाख

1964 साल. पावसाळा सरलाय. परळच्या नाक्यावर तुमचे कान सवयीने ट्रामच्या घंटेकडे लागलेत, पण ती आता वाजायची नाही. 31 मार्चच्या रात्री मुंबईतली शेवटची ट्राम धावली. गिरणीची पहिली पाळी सुटलीय. केसांत कापसाचे तंतू अडकलेले कामगार खोलीवर न जाता थेट थिएटरच्या रांगेत येऊन उभे राहिलेत. फलकावर नाव आहे ‘हकीकत’.

तुमच्या काळातले युद्धपट कसे संपतात ते तुम्हाला पाठ आहे. शिखर काबीज होतं, तिरंगा चढतो, शिट्ट्या वाजतात. इथे तसं काही घडणार नाही आणि रांगेतल्या प्रत्येकाला ते तिकीट काढण्याआधीच माहीत आहे. हा चीनविरुद्ध हरलेल्या लढाईचा सिनेमा आहे. हरून जेमतेम दोन वर्षं झालीत.

स्टॉलमध्ये शेजारच्या खुर्च्यांवर साताऱ्याकडचं जोडपं येऊन बसतं. नवऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीय. बाईच्या कानाकडे बघा. पाळीला भोक आहे, पण त्यात फुलं नाहीत. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घातलीय. फुलं 1962 च्या नोव्हेंबरात संरक्षण निधीला दिली. तुम्ही कानाकडे पाहताय हे तिच्या लक्षात येतं.

“पोरांच्या अंगावर गरम कपडं नव्हतं म्हणत्यात. मग म्या काय कानात सोनं घालून बसू?”

एवढं बोलून ती पडद्याकडे वळते.

आधी फिल्म्स डिव्हिजनचा बातमीपट लागतो. पडद्यावर शास्त्रीजी दिसतात. नेहरू मे महिन्यात गेले. चीनने दिलेला घाव त्यांच्या जिवाला लागला, असं कुजबुजत्या आवाजात बोलणारे याच रांगांमध्ये आहेत. या शहराचं स्वतःचंही एक दुखणं आहे. 1962 च्या निवडणुकीत उत्तर मुंबईने आचार्य कृपलानींना हरवून कृष्ण मेनन यांना मोठ्या मताधिक्याने लोकसभेत पाठवलं. वर्ष संपण्याआधी याच संरक्षणमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. “आमच्या कराडचे,” शेजारचा नवरा सांगतो.

दिवे मालवतात.

चेतन आनंद यांनी खऱ्या लडाखमध्ये, लष्कराच्या मदतीने चित्रण केलंय. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर उघडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसं. परळच्या उकाड्यात बसलेल्या बायका पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतात. जवानांना हुकूम आहे, पहिली गोळी आपण झाडायची नाही. मग रात्र होते, आणि घरच्या आठवणीत बुडालेल्या जवानांचं ते गाणं सुरू होतं. रफी, तलत, मन्ना डे आणि नवखा भूपिंदर, असे चार आवाज. मदन मोहन यांनी चाल कुठेही चढवलेली नाही. ढोल नाही, ललकारी नाही. प्रत्येक आवाज आपापल्या घरी जाऊन येतो. तुमच्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा गाणं संपेपर्यंत मान खाली घालून बसलाय. त्याचं कोण कुठे आहे, हे विचारायचं धाडस तुम्हाला होत नाही.

चिनी सैनिक पडद्यावर येतात तेव्हा मराठी प्रेक्षकाच्या मनात आणखी काहीतरी तुटतं. अठराच वर्षांपूर्वी, 1946 मध्ये, शांतारामबापूंनी सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची कहाणी याच मुंबईत पडद्यावर आणली होती. जपानशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता 1942 मध्ये तो तरुण तिकडेच गेला. त्याच्यासाठी रडलेले डोळे आज इथे अंधारात बसलेत. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ म्हणताना त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

मग माघार. एकेक जवान पडत जातो. कथा रचलेली आहे, पण तिच्यामागे रेझांग ला आहे. 18 नोव्हेंबर 1962 ला, सोळा हजार फुटांवर, मेजर शैतान सिंह यांच्यासोबत 13 कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे सुमारे 120 जवान लढले आणि त्यातले शंभराहून अधिक तिथेच राहिले. पुढच्या फेब्रुवारीत शोधपथक वर पोहोचलं तेव्हा गोठलेली शरीरं खंदकांत तशीच होती. कुणाच्या हातात रायफल, शुश्रूषा करणाऱ्याच्या हातात इंजेक्शनची सिरिंज.

चेतन आनंद यांना यातून विजयाची गोष्ट रचता आली असती. गल्ला तर नक्कीच वाढला असता. त्यांनी ते केलं नाही, आणि मला विचाराल तर या सिनेमाचं सगळं मोठेपण तिथे आहे. जिंकल्याची खोटी गोष्ट ऐकून उसनं अवसान येतं, ते थिएटरच्या पायरीवर उतरतं. आपली पोरं कशी आणि कशामुळे मेली हे डोळे उघडे ठेवून पाहिलेला समाज पुढच्या वेळी तयारीने उभा राहतो. सरकारने ही जखम पडद्यावर येऊ दिली आणि लोकांनी तोंड फिरवलं नाही, याला मी राष्ट्राचा निर्धार म्हणतो.

शेवटचं गाणं बर्फात पडलेल्या देहांवरून फिरतं. रफींचा आवाज मागे राहिलेल्यांच्या हाती देश सोपवतो. टाळ्या नाहीत. कुणीतरी हुंदका आवरतंय. खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लागतं. ही प्रथाही त्या युद्धानंतरचीच. अख्खं थिएटर उभं आहे. शेजारच्या बाईचा हात नकळत कानाशी जातो, काडी चाचपतो आणि खाली येतो.

बाहेर संध्याकाळ झालीय. नवरा टोपी घालतो, दोघं लालबागच्या दिशेने चालू लागतात. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा युद्ध होईल, मुंबईत दिवे मालवले जातील, चाळींच्या खिडक्यांना काळे कागद लागतील. तुम्हाला हे ठाऊक आहे, त्यांना नाही. तेव्हाही देशाचे संरक्षणमंत्री कराडचेच असतील.