वेग सरतो, अंतर उरतं

22 ऑगस्ट 1920. तुम्ही अँटवर्पच्या ऑलिम्पिक स्टेडियमात उभे आहात. अंगावर पाऊस येतोय. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत आणि ज्यांच्या घरातलं कुणीच गेलं नाही, अशी माणसं या गर्दीत थोडीच असतील.

तुमच्या शेजारी बेळगावचा फडेप्पा चौगुले आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत नाव काढून, सर दोराबजी टाटांच्या पाठबळावर हा कोवळा पोरगा इथवर आलाय. समोर 42.75 किलोमीटर आहेत. ऑलिम्पिकमधली याहून लांब मॅरेथॉन ना आधी झाली, ना नंतर.

पलीकडे फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन उभा आहे. तो तिशीचा आहे. 1912 साली स्टॉकहोमला, पाच हजार मीटरच्या शर्यतीत, फ्रान्सचा झाँ बुएँ शेवटच्या पावलापर्यंत त्याच्या खांद्याला खांदा लावून धावला होता. दोघांत फरक पडला तो सेकंदाच्या दहाव्या भागाचा. बुएँ 1914 मध्ये रणांगणावर मारला गेला. आज त्याची जागा रिकामी आहे.

पिस्तूल वाजतं. तुम्ही चौगुलेच्या मागे धावता. चिखल पोटऱ्यांवर उडतो, श्वास पावलांशी जुळतो. पुढे कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटांत सोनं घेतो. 2 तास 50 मिनिटांनी चौगुले आत येतो, एकोणिसावा. तरुणपणी धावणं असं असतं. सगळं पुढे असतं, मागे वळून बघायला अजून फारसं काही साठलेलं नसतं.

जवळजवळ शतक ओलांडून बारामतीत या. रस्त्याकडेला गर्दी आहे. साठी उलटलेल्या लता भगवान करे नऊवारीत, अनवाणी धावताहेत. पतीच्या तपासण्यांना पैसे हवेत, म्हणून त्या ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्यात. त्यांच्या बरोबरीनं धावताना तुमची दमछाक होते. माणूस हातचा जाऊ नये म्हणूनही पाय इतके पळतात, हे तुम्हाला इथे दिसतं.

आणि गेल्यावर? 16 ऑक्टोबर 2011, टोरोंटोची मॅरेथॉन. फौजा सिंग शंभर वर्षांचे आहेत. 1994 मध्ये त्यांचा मुलगा गेला. त्या दुःखातून वाट काढत ते धावण्याकडे वळले. आज 8 तास 11 मिनिटं ते पावलापुढे पाऊल टाकत राहतात. तुम्ही सोबत चालता-धावता आणि तुमच्या ध्यानात येतं की या माणसाला कुठेही लवकर पोचायचं नाहीये.

आता लखनौ. वृंदावन योजना, डिसेंबरची पहाट. रायबरेली रोडवरून पीजीआय रुग्णालयाकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे धुक्यात पिवळे दिसतात. 2020 च्या फेब्रुवारीत डेफएक्स्पो हे संरक्षण-साहित्याचं प्रदर्शन भरलं होतं तो सेक्टर पंधराचा भाग जवळच आहे. इथे तुम्ही स्वतः आहात. सत्तरीला टेकलेले, मूळ बेळगावचे, मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेले.

पहिला किलोमीटर गुडघे कुरकुरतात. दुसऱ्याला अंग मोकळं होतं. वयाबरोबर आधी झिजतात ते झटपट काम करणारे स्नायूतंतू. संथ, चिवट तंतू जास्त टिकतात. म्हणून वेग गेला तरी लांब जाणं उरतं. तिसऱ्या किलोमीटरला तुमचा दादा येतो. बेळगावला, टिळकवाडीत वॅक्सिन डेपोच्या झाडांखाली तो कायम दोन पावलं पुढे असायचा, "बोलत बोलत धाव, दम पुरतो" म्हणायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बसून आठवलं की त्याचं आजारपण आठवतं. धावताना मात्र तो धडधाकट येतो, कारण त्याला तुम्ही पायांनीही ओळखता.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा मागून येतो. "अंकल जी, रोज़ कितना दौड़ते हैं?" तो धापा टाकतोय. त्याला सांगा, बोलत बोलत धाव, दम पुरतो. मग चौगुलेची गोष्ट सांगा, बुएँची सांगा. हे कुणी शिकवलं असं त्यानं विचारलं, तर दादाचं नाव सांगा. गेलेल्या माणसाचं धावणं पुढच्या पायांत घालता येतं, आणि ते करायला म्हातारपणासारखा दुसरा काळ नाही.