पाणचक्की आणि अक्कलचक्की

माणसाचा इतिहास म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा इतिहास, असं माझं वाणिज्य शाखेतल्या माणसाचं मत आहे. आधी बैलाच्या गळ्यात, मग पाण्याच्या, मग विजेच्या. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, याचा पुरावाच उभा आहे: पाणचक्की. अठराव्या शतकात डोंगराकडचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलं, उंचावरून पात्यांवर सोडलं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळून घेतलं. किती मनगटं सुटली असतील! ही चक्की ओव्या म्हणत नाही, आणि गहू की खडे हेही विचारत नाही. पण गहू निवडणारा आणि पाणी अडवणारा, दोघंही माणसंच होती.

दुसरी चक्की आली बँकेत. १९८३ साली यांत्रिकीकरणाबाबत बँका आणि कर्मचारी संघटनांचा करार झाला, १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. तेव्हाच्या कारकुनांना वाटलं, संगणक आला, आपण गेलो! गेली ती लेजरं. कारकून राहिला, फक्त 'साहेब जेवायला गेलेत'ऐवजी 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणू लागला. नवी भरती मात्र रोडावली, हेही खात्यावर लिहिलं पाहिजे.

आता तिसरी, अक्कल दळणारी. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हॅसाबिस आणि जंपर यांना वाटा मिळाला. त्यांचं 'अल्फाफोल्ड' प्रथिनांची रचना ओळखतं. एकेका रचनेपायी पूर्वी संशोधकांची वर्षं जात. त्याच साली भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेले जेफ्री हिंटन मात्र २०२३ मध्येच गूगल सोडून या यंत्रांच्या धोक्यांबद्दल बोलू लागले होते. बारशाचे पेढे वाटतानाच बापानं 'पोराला जपून घरात घ्या' म्हणावं, तसं झालं!

कारण ही चक्की खडेसुद्धा इतके मऊ दळते की दाताखाली येईपर्यंत कळत नाही. आणि आत नेमकं कसं दळलं जातं, ते बनवणाऱ्यांनाही पुरतं सांगता येत नाही.

यावर बँकेत जुना उपाय आहे. नोंद एकानं करायची, पास दुसऱ्यानं. कितीही हुशार असला तरी स्वतःच लिहून स्वतःच पास करायचं नाही. या नव्या कारकुनालाही तोच नियम लावा. कर्ज कुणाला नाकारायचं, रोग कोणता, हे त्यानं खुशाल लिहावं. सही माणसाची हवी, पाण्याची चावीही त्याच्याच हाती हवी, आणि सही करण्यापूर्वी त्यानं कागद वाचलेला हवा.

ही शेवटची अट माणसांनी आजवर कितपत पाळली, ते मला ठाऊक आहे. खरी काळजी तीच.