कुत्र्याचे नाक आणि बंद पाकीट

औंढा नागनाथ हे नाव ज्योतिर्लिंगामुळे सर्वपरिचित आहे. हिंगोली जिल्ह्यातील या गावाजवळ आता ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील आरसे प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलले, तरी ते या यंत्राला कळले पाहिजे.

अशा यंत्राचा आणि हुंगत फिरणाऱ्या कुत्र्याचा संबंध काय? दोघेही अतिशय क्षीण खूण शोधतात आणि दोघांच्याही बाबतीत एकच प्रश्न विचारावा लागतो: जे सापडले म्हणता, ते खरेच सापडले, की शोधणाऱ्याच्या मनातलेच बाहेर आले? या प्रश्नाचा इतिहास पाहू या.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज रोमेन्स यांनी १८८७ मध्ये आपल्या कुत्रीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. १२ माणसे एकामागे एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालली. सर्वांत पुढे स्वतः रोमेन्स होते. सुमारे १८० मीटरनंतर रांग दुभंगली आणि दोन्ही गट दोन दिशांना जाऊन लपले. कुत्री फाट्यापुढे थोडी गेली, परत फिरली आणि मालकाच्याच वाटेला लागली. मालक दृष्टीआड असल्यामुळे त्याच्याकडून इशारा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

इशारा किती फसवा असतो, हे १९०७ मध्ये एका घोड्याने शिकवले. बर्लिनचा हान्स टापा आपटून गणिते सोडवीत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सही चुकतो. माणसाच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली तो वाचत होता.

शोधकुत्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याशी येऊन भिडतो. १९६९ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कुत्र्याने काढलेल्या मागाला फारसे वजन देता येणार नाही, असे म्हटले. कुत्रा साक्ष देत नाही. त्याच्या वतीने श्वानहस्तक बोलतो, आणि त्याची उलटतपासणी झाली तरी कुत्र्याची होऊ शकत नाही.

म्हणजे कुत्र्याचे नाक निरुपयोगी काय? मुळीच नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडॉर कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. फरक एवढाच, की स्फोटके सापडली की ती डोळ्यांसमोर असतात. संशयित माणसाचे तसे नसते. तेथे कुत्र्याचा इशारा तपासून पाहायला वेगळा पुरावा लागतो.

२००६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात शोधकुत्र्यांच्या काही प्रशिक्षकांनी हेच शिक्षण घरच्या कुत्र्यांसाठी खेळ म्हणून सुरू केले. आधी खोक्यात लपवलेला खाऊ शोधायचा, मग बर्च, बडीशेपेसारखे अ‍ॅनिस आणि लवंग यांचे वास. स्पर्धेत लपवलेली जागा मालकाला सांगत नाहीत. ही खबरदारी किती आवश्यक आहे, ते २०११ मध्ये कॅलिफोर्नियातच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. १८ श्वानहस्तकांना खोल्यांत वास लपवला असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात काहीही लपवलेले नव्हते. तरीही १४४ फेऱ्यांत ‘सापडले’ असे २२५ इशारे नोंदले गेले!

आम्हा संशोधकांनाही हा मोह सुटत नाही. म्हणूनच लायगोत काही मोजकी माणसे कधीकधी यंत्रात गुपचूप खोटा संकेत सोडत. १६ सप्टेंबर २०१० रोजी असाच एक संकेत आला. तो बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेचा वाटला, म्हणून त्याचे टोपणनाव ‘बिग डॉग’ पडले! शास्त्रज्ञांनी अनेक महिने विश्लेषण करून शोधनिबंधही तयार केला. मार्च २०११ मध्ये ‘पाकीट’ उघडले आणि संकेत खोटा असल्याचे कळले. कोणी निराश झाले असेल. पण परीक्षा यशस्वी झाली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली, तेव्हा या शिस्तीचा उपयोग झाला.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. कुत्रा घरचा, लस टोचलेला आणि मालक सोबत हवा. भोके पाडलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत अख्ख्या लवंगा ठेवा. कुत्र्याला त्या खाऊ देऊ नका. आधी डबीजवळ खाऊ ठेवून सवय लावा, मग खाऊ डबी सापडल्यावरच द्या. पाच सारखी खोकी एकाच विद्यार्थ्याने हाताळावीत, चिठ्ठी काढून जागा ठरवावी आणि खोलीबाहेर जावे. २० फेऱ्या मालकाला जागा सांगून, २० न सांगता घ्या. नुसत्या नशिबाने २० पैकी सुमारे ४ वेळा बरोबर येईल. शेवटी, कोणाला न सांगता, एक फेरी लवंगेशिवाय घ्या.

दोन्ही रकान्यांतले आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यांत तफावत दिसली, तर ती नाकाची आहे की मालकाच्या नजरेची, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.