साचल्या पाण्याला वाट : लसीकाशोफावरील शस्त्रक्रियेचा इतिहास



लालबागच्या परिसरातील शाळेत स्मृतिव्याख्यान द्यायचे म्हटल्यावर होळकरांच्या राज्यकारभाराविषयी काही ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु माझे आयुष्य शल्यचिकित्सेत गेले. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इतिहास म्हणजे केवळ राजांच्या वंशावळी नव्हेत, हे आम्हाला शिकविले होते. म्हणून आज एका शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे. सुजलेल्या हातापायात लसीकाग्रंथीचे रोपण करण्याची ही शस्त्रक्रिया आहे.

लालबागचा राजवाडा खान नदीच्या काठी आहे. 1918 साली पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी नगररचनेचा जो अहवाल लिहिला, त्यात नदी, सांडपाणी आणि लोकांचे आरोग्य यांचा एकत्र विचार केलेला आढळतो. पाणी साचले की रोगराई येते, ही गोष्ट शहराला जशी लागू आहे तशीच ती शरीरालाही लागू आहे. रक्त केशवाहिन्यांतून वाहत असता त्यातील काही द्रव आणि प्रथिने पेशींभोवती झिरपतात. त्यांतील उरलेला भाग परत रक्तात पोहोचविण्याचे काम ज्या सूक्ष्म वाहिन्या करतात, त्या लसीकावाहिन्या होत. वाटेत काखेत, जांघेत, मानेत लसीकाग्रंथींची ठाणी असतात. पायाला जखम झाली की जांघेत जे अवधाण येते, ती सुजलेली लसीकाग्रंथीच असते. ही वाट बंद पडली म्हणजे द्रव साचतो, कातडी जाड होते, वारंवार ताप आणि लाली येते, आणि अवयव हळूहळू अवजड होत जातो. यालाच लसीकाशोफ म्हणतात.

आपल्या देशाला हा रोग फार जुन्या काळापासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेत ‘श्लीपद’ या नावाने त्याचे वर्णन आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशांत तो विशेषेकरून होतो, असे तेथे नोंदविले आहे. तसेच वर्ष उलटलेला, वारुळासारखा वाढलेला श्लीपद असाध्य मानावा, असेही सांगितले आहे. डासांचा आणि जंतूंचा संबंध ठाऊक नसताना केलेले हे निरीक्षण आजही विचार करायला लावते. 1872 साली कलकत्त्यात टिमथी लुइस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी दिसले, आणि 1877 मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखविले. हत्तीरोगाचा डास घाणेरड्या साचल्या पाण्यात वाढतो. माळवा या रोगासाठी प्रसिद्ध नाही. पण मध्य प्रदेशातील पन्ना, छतरपूर आणि विदर्भातील नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील लोकांना हत्तीपाय म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण आमच्याच हातून घडणारे आहे. अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी 1894 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी जी व्यापक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तीत काखेतील ग्रंथीही काढल्या जात. पुष्कळ स्त्रियांचे प्राण अशा उपचारांनी वाचले. परंतु त्यांतील काहींचा हात पुढे महिन्यांनी वा वर्षांनी सुजू लागला. माझ्या पाहण्यातील एका बाईंना त्या हातातील बांगड्या कापून काढाव्या लागल्या. कर्करोगातून त्या बऱ्या झाल्या होत्या. पण लग्नकार्यात तो हात पदराखाली झाकून बसत. त्यांना कोणी रोगी समजत नसे आणि त्या स्वतःला बरी झालेली समजत नसत. या विषयाकडे मी वळलो तो अशा रुग्णांमुळे.

आता उपचारांकडे येऊ. प्रारंभीच्या शल्यवैद्यांचा विचार सरळ होता : जे वाढले ते कापावे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील हॅवलॉक चार्ल्स यांनी अंडकोशाच्या हत्तीरोगावर मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया केल्या. सुजलेली कातडी आणि तिच्याखालचा थर काढून उघड्या भागावर कातडीचे कलम लावण्याच्या पद्धतीला आज जगभर त्यांचेच नाव आहे, आणि ते प्रामुख्याने पायावरील शस्त्रक्रियेला दिले जाते. गंमत अशी की, 1996 मध्ये दोघा अमेरिकन संशोधकांनी मूळ लेखन तपासले, तेव्हा चार्ल्स यांनी पायावरील अशी शस्त्रक्रिया वर्णिलेलीच नाही आणि ही चूक 1950 पासून ग्रंथाग्रंथांतून उतरत आली आहे, असे निष्पन्न झाले. मूळ कागद पाहावा, हा इतिहासकाराचा नियम शल्यवैद्यालाही किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते. अशा शस्त्रक्रियांनी पायाचा भार हलका होई, परंतु बंद झालेली वाट तशीच बंद राही.

वाट मोकळी करण्याचा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळावला. 1968 मध्ये पोलंडमधील निएलुबोविच आणि ओल्शेव्स्की यांनी लसीकाग्रंथी छेदून ती जवळच्या शिरेला जोडण्याच्या शस्त्रक्रियेची हकिगत प्रसिद्ध केली. साचलेला द्रव ग्रंथीतून थेट शिरेत जावा, हा हेतू होता. आपल्याकडे हे काम हत्तीरोगाच्या रुग्णांवर झाले ते तंजावरला. तेथील डॉ. एस. जमाल यांनी लसीकावाहिन्या शिरांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा आपला अनुभव 1981 मध्ये प्रसिद्ध केला. तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. तेथील भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धन्वंतरी महाल चालविला, आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह करविल्या. हत्तीपायाचे गरीब रुग्ण जेथे रोज येतात, तेथेच नव्या शस्त्रक्रियेची कसोटी लागावी, हे मला उचित वाटते.

तथापि ग्रंथीच उरली नसेल तर काय जोडावे? दुसरीकडची ग्रंथी आणावी, हे उत्तर सुचणे सोपे होते. ती जिवंत ठेवणे अवघड होते. रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथी सुकून जाते. येथे पुण्याची एक जुनी हकिगत आठवते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याकडील विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती, आणि तिचा वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. कातडीचा एक देठ दोन भुवयांच्या मध्ये जोडलेला ठेवायचा, म्हणजे ती जगते, ही खूण त्याला ठाऊक होती.

लसीकाग्रंथीच्या रोपणाचा नियम हाच आहे. फरक एवढाच की, येथे देठ कापून तो नव्या जागी पुन्हा जोडावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र 1960 नंतर विकसित झाले. 1973 मध्ये टेलर आणि डॅनियल यांनी जांघेतील कातडीचा तुकडा रक्तवाहिन्यांसह दूरच्या जागी नेऊन जगविला. त्याच जांघेतील ग्रंथी त्यांच्या रक्तवाहिन्यांसह काखेत नेण्याचे काम पॅरिसच्या कोरीन बेकर यांनी चिकाटीने केले. 2006 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी स्तनशस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या 24 स्त्रियांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. 10 जणींच्या हाताचा घेर पूर्ववत झाला, 12 जणींचा कमी झाला, दोघींना फरक पडला नाही. रोपलेली ग्रंथी भोवतालचा द्रव शोषून शिरेत सोडते आणि तिच्यापासून नव्या लसीकावाहिन्याही फुटतात, असे मानले जाते.

या यशाबरोबर त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जेथून ग्रंथी घेतली तो अवयव सुजण्याचा धोका असतो. म्हणून कोणत्या ग्रंथी पायाचे पाणी वाहतात हे आधी शोधून त्या वगळाव्या लागतात. काही शल्यवैद्य त्यासाठी हनुवटीखालच्या किंवा पोटातील पडद्यावरच्या ग्रंथी घेतात. कातडी दगडासारखी झाली असेल तर ग्रंथी एकटी पुरी पडत नाही. पट्टे बांधणे, व्यायाम आणि त्वचेची निगा शस्त्रक्रियेनंतरही बहुतेकांना सोडता येत नाही. आणि ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच होऊ शकते. हत्तीपायाच्या शेतमजुराला रोज साबणाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून जो आराम मिळतो, तो त्याच्या आवाक्यातील आहे.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. वर्षातून एकदा साऱ्या वस्तीला औषध देण्याची मोहीम 2004 पासून देशभर विस्तारली, आणि 2027 पर्यंत हा रोग हटविण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातील कोणी उद्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी शिवील, कोणी नगरपालिकेत बसून नाल्यांचा निचरा पाहील. सुश्रुताने सांगितलेले साचलेले पाणी दोघांनाही वाहते करायचे आहे. आणि जे या दोन्हींपैकी काहीच करणार नाहीत, त्यांनी आपल्या शेजारात पाय किंवा हात झाकून बसलेल्या माणसाला उपचार आहेत एवढे सांगावे आणि त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावे, अशी माझी विनंती आहे.