किल्केनीचा कायदा आणि किल्केनीची माणसे

आयर्लंडच्या आग्नेय भागात, नोर नदीच्या काठी किल्केनी नावाचे एक जुने गाव आहे. वाचकहो, तुम्ही कधी तिकडे गेलात तर हे गाव पायीच पाहा. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचे चर्च, मध्ये सुमारे मैलभराचा रस्ता. पण या मैलभरात दोन समाजांचा इतिहास सामावलेला आहे.

आधी चर्चकडे जाऊ. आयरिश भाषेत 'किल' म्हणजे चर्च. सहाव्या शतकातल्या कॅनिस नावाच्या साधूवरूनच गावाला नाव पडले. चर्चशेजारी शंभरेक फूट उंचीचा, सडपातळ असा गोल मनोरा आहे. चर्चची आजची इमारत तेराव्या शतकातली. मनोरा तिच्याहूनही जुना. आतल्या शिड्यांनी वर चढले की सारे गाव नजरेत येते.

किल्ला मात्र परक्यांचा. बाराव्या शतकात समुद्र ओलांडून नॉर्मन सरदार आले. त्यांच्यापैकी विल्यम मार्शल याने तेराव्या शतकाच्या आरंभी हा दगडी किल्ला उभारला. १३९१ साली तो बटलर घराण्याने विकत घेतला.

त्याआधी, १३६६ मध्ये, याच गावी इंग्रज वसाहतवाल्यांची पार्लमेंट भरली आणि तिने एक प्रसिद्ध कायदा केला. वसाहतवाल्यांनी आयरिशांशी सोयरीक करू नये, आयरिश बोलू नये, इंग्रजीच बोलावे, आयरिश भाट-गवयांना थारा देऊ नये, काठ्यांनी चेंडू मारण्याचा खेळही खेळू नये, त्याऐवजी धनुष्यबाण चालवावेत! आणि मौज अशी, की इंग्रजीचा आग्रह धरणारा हा कायदा लिहिला होता फ्रेंच भाषेत.

मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो, बंदीचा कायदा उलटा वाचायला शिका. जे कोणी करतच नाही, त्यावर बंदी कशाला घालतील? दोनशे वर्षांत परक्यांची नातवंडे-पतवंडे आयरिश बोलू लागली होती, आयरिश घरांत लग्ने करीत होती. शेजार म्हटला की असे होणारच. कायदा ती घडी मोडू पाहत होता, पण त्याला ते फारसे जमले नाही. आयरिश भाषेची खरी पीछेहाट झाली ती पुढे. जमिनी गेल्या, दुष्काळ आला, माणसे देशोधडीला लागली तेव्हा. भाषा नुसत्या हुकमाने मरत नाही. बोलणाऱ्यांची भाकरी तुटली की मरू लागते.

काठी-चेंडूचे काय झाले म्हणाल, तर हर्लिंग या आयरिश खेळाची अखिल आयर्लंड स्पर्धा सर्वांत जास्त वेळा जिंकली आहे ती याच किल्केनी परगण्याने!

आणि किल्ला? त्याला आज तीनच बाजू दिसतात. १६५० साली क्रॉमवेलच्या तोफांनी खिळखिळी केलेली चौथी बाजू पुढे पाडून टाकावी लागली. बटलर १९३५ मध्ये तिथून निघून गेले, सामानाचा लिलाव झाला, वास्तू ओस पडली. अखेर १९६७ साली त्या घराण्याने किल्ला गावकऱ्यांच्या समितीला अवघ्या पन्नास पौंडांत देऊन टाकला. त्याची डागडुजी झाली, आणि ज्या दाराशी एके काळी पहारे असत तिथून आज कोणीही आत जातो.

एरवी प्रवासी किल्ला पाहून परततात. तुम्ही तसे करू नका. मैलभर चालून मनोऱ्यापर्यंत जा. दोन्ही टोके पाहिल्यावाचून गाव पाहिले असे होत नाही, आणि इतिहासाचेही तसेच आहे, बरं का!